सशाला कडबा चालेल का? वाळल्या गवताबद्दल सविस्तर

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीसाठी आणलेला ससा, चिकू, दीड वर्षाचा आहे. वजन दोन किलोच्या आसपास. चपाती, गाजर, भिजवलेले हरभरे, कोथिंबीर आणि दुकानातलं पाकिटातलं खाद्य आवडीनं खातो. वाळल्या गवताला तोंड लावत नाही. महिनाभरापासून लेंड्या बारीक झाल्या आहेत आणि मागचा भाग चिकट राहतो. टिमोथी गवत द्या असं सगळे सांगतात, पण ऑनलाइन ते फार महाग पडतं. औशाजवळ गावी शेत आहे. तिथला कडबा किंवा बांधावरचं गवत चालेल का, आणि चिकूला ते खायला कसं लावायचं?

गवताचं सगळं सांगते, पण त्याआधी एक काम करा. चिकूला या एक-दोन दिवसांत पशुवैद्यकाकडे नेऊन त्याच्या दाढा बघून घ्या. बारीक लेंड्या, चिकट मागचा भाग आणि गवत नाकारणं हे तिन्ही एकत्र दिसलं की दाढांची शंका घ्यावीच लागते. तोंड दुखत असेल तर ससा मऊ खातो, कडक टाळतो, आणि घरच्यांना वाटतं की त्याला गवत आवडत नाही. खायला धावून येणं, घास उचलणं आणि तोंडातून टाकून देणं, हनुवटी ओली राहणं, एका डोळ्यातून सारखं पाणी येणं, यांतलं काही दिसत असेल तर उशीर करू नका. वरच्या दातांची मुळं अश्रूंच्या नळीला अगदी लागून असतात, म्हणून दाताचा आजार पुष्कळदा डोळ्यातून दिसतो.

पुढचे दात घरी ओठ वर करून बघता येतात, दाढा दिसत नाहीत. आम्ही कान तपासायचं यंत्र तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून बघतो. चपाती-हरभऱ्यावर वाढलेल्या सशात तिथं काय दिसतं ते एकदा पाहिलं की माणूस गवताचं महत्त्व विसरत नाही. खालच्या दाढेची आतली कड टोकदार होऊन जिभेत रुतलेली असते, जिभेच्या कडेला पांढरट जखम असते; वरच्या दाढेची बाहेरची कड गालात घुसलेली असते. बिचारा जनावर तरीही खायचा प्रयत्न करत असतो.

हे होतं कशामुळे ते सांगते, कारण कारण कळलं की पुढचे निर्णय तुम्हीच घेऊ शकाल. सशाला २८ दात असतात, आणि पुढच्या दातांपासून शेवटच्या दाढेपर्यंत सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ही वाढ झिजवण्याची सोय निसर्गानं गवतात केली आहे. गवताची लांब काडी चावताना सशाचा खालचा जबडा आडवा फिरतो, जात्याच्या पाळीसारखा, आणि दाढा एकमेकींवर घासून सपाट राहतात. गवतातल्या सिलिकाचीही त्यात मदत होते. चपाती, गाजर किंवा पाकिटातल्या गोळ्या खाताना जबडा नुसता वरखाली होतो. दोन-चार चावांत घास मोडला की काम संपलं. दाढ झिजत नाही, वाढत मात्र राहते. घरोघरी सशाला लाकडाचा तुकडा चघळायला देतात. द्या, हरकत नाही, पण त्यानं फार तर पुढचे दात झिजतात. दाढांपर्यंत त्याचा उपयोग पोचत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची, आणि ती दातांपेक्षाही महत्त्वाची आहे. सशाच्या पोटात सीकम नावाची मोठी पिशवी असते, तिथं असंख्य सूक्ष्मजीव अन्न आंबवतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अन्नाची वाटणी होते. लांब, न पचणारे तंतू पुढे ढकलले जातात आणि कोरडी गोल लेंडी होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी उलटं फिरून सीकममध्ये जातं, तिथं आंबतं, आणि त्यातून ओल्या, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या छोट्या गोळ्यांचा घोस तयार होतो. ससा हा घोस थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, बहुधा रात्री किंवा पहाटे. घाण खातो म्हणून त्याला रागवू नका. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात, ते त्याचं हक्काचं अन्न आहे.

या सगळ्या यंत्रणेला हलतं ठेवतात ते लांब तंतू. ते कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते, लेंड्या बारीक, काळपट आणि कमी होतात. त्याच वेळी चपाती आणि हरभऱ्यातला स्टार्च सीकममध्ये पोचतो, तिथल्या जिवाणूंचं गणित बिघडतं, तो घोस सैल, चिकट होतो, ससा तो खात नाही आणि मागच्या केसांना लडबडतो. तुमच्या चिकूच्या दोन्ही तक्रारी इथंच जुळतात. अंग जाड झालं असेल तर तोंड मागं पोचत नाही, हेही एक कारण असतं.

पावसाळ्यात या चिकटपणाकडे दुर्लक्ष करू नका. त्या वासावर माशा येतात, ओल्या केसांत अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात. आत्ता श्रावणात तर रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उलटा करून मागचा भाग बघायचा. घाण असेल तर कोमट पाण्यानं तेवढाच भाग धुवा आणि नीट कोरडा करा. पूर्ण आंघोळ घालू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. टिमोथी हे थंड मुलखातलं गवत. आपल्या हवेत ते पिकत नाही, बाहेरून येतं, म्हणून महाग. ते चांगलं आहे यात शंका नाही, पण सशाला टिमोथी हे नाव लागत नाही. त्याला लागतं लांब काडीचं, भरपूर तंतू असलेलं, प्रथिनं आणि कॅल्शियम बेताचं असलेलं, स्वच्छ वाळवलेलं गवत. हे गवत मराठवाड्यात माळरानावर, गायरानात, डोंगरउतारावर मुबलक उगवतं. आपल्याकडे कमी पडते ती ते वेळेवर कापून नीट वाळवण्याची सवय. गुरांसाठी आपण गवत उभं वाळू देतो आणि मग कापतो. तोवर त्यातला कस निघून गेलेला असतो, रंग पिवळा-करडा झालेला असतो, आणि असलं गवत सशापुढं टाकलं की तो हुंगून निघून जातो. त्यात त्याची चूक काहीच नाही.

कडब्याचं आधी मिटवून टाकू, कारण ‘घरी गंजी आहे, तीच द्यावी का’ हे मला लातूर-धाराशिवकडचे लोक सारखे विचारतात. कडबा म्हणजे कणीस पक्व होऊन खुडल्यानंतर उरलेलं ताट. झाडानं आपला बहुतेक कस दाण्यात घातलेला असतो, धाट लाकडासारखं कडक झालेलं असतं. तरी शाळूच्या कडब्याचा पाला सशाला चालतो. यंदाच्या ताज्या, पावसात न भिजलेल्या पेंढीतला स्वच्छ पाला ओरबाडून दिवसाच्या गवतात मूठभर मिसळा, ससे तो चवीनं खातात. पण तेवढ्यावर त्याला ठेवू नका. आणि गंजीच्या तळाची, कडेची, पाणी लागलेली पेंढी कधीच नको. काळे डाग, पांढरी बुरशी, कुबट वास यांतलं काहीही असेल तर ती पेंढी सशाच्या कामाची नाही. बैल एखादवेळी निभावून नेईल, दोन किलोचा जीव नेणार नाही.

कडबाकुट्टीही नको. ती बारीक तुकडे करण्यासाठीच असते आणि तुकडे बारीक झाले की तिचा सशाला असलेला मोठा उपयोग गेला. शिवाय तिच्यात धूळ फार असते. सशाला नाकानंच श्वास घ्यायची सवय, धुळीनं त्याला शिंका आणि नाकाचे आजार लागतात.

हिरव्या कोवळ्या ज्वारीबद्दल एक इशारा. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले फुटवे, किंवा पावसानं ताण दिल्यावर खुरटलेलं पीक, यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. ते खाऊन गुरं दगावतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, सशाच्या बाबतीत मात्र लक्षात राहत नाही. हिरवी ज्वारी त्याला देऊच नका.

लातूर भागात उसाचं वाढं आणि सोयाबीनचं भुसकटही सहज मिळतं. वाढ्यात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून बसणारं द्रव्य, जास्त असतं, रोजच्या खाण्यात ते नको. सोयाबीनच्या भुसकटात शेंगांची टोकदार टरफलं आणि प्रचंड धूळ असते. गव्हाचं काड खाली अंथरायला उत्तम. त्यानं दोन काड्या चघळल्या तर चघळू द्या, पण ते अन्न नव्हे.

लसूणघासाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुधाच्या जनावरांसाठी तो सगळीकडे पिकतो आणि ससा त्याच्यावर तुटून पडतो. लसूणघास हे गवत नाही, ते हरभरा-तुरीच्या कुळातलं द्विदल झाड आहे. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम गवतापेक्षा कितीतरी जास्त असतं. सहा महिन्यांखालचं पिल्लू, गाभण किंवा पिल्लांना पाजणारी मादी, यांना ते हवंच असतं. त्यांना वाळवलेला लसूणघास जरूर द्या. मोठ्या सशाचं तसं नाही. आपण किंवा गाय जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून फारसं शोषत नाही. ससा मात्र खाल्लेल्यातलं बरंचसं शोषून घेतो आणि उरलेलं लघवीवाटे टाकतो. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असणं नेहमीचंच. पण वर्षभर लसूणघास खाल्लेल्या सशाच्या मूत्राशयात पांढरा चिकट गाळ साठतो, लघवी चुन्याच्या निवळीऐवजी घट्ट पेस्ट होऊन बाहेर पडते, पुढे खडेही होतात. चिकू दीड वर्षाचा आहे. त्याला आठवड्यातून एखादी काडी खाऊ म्हणून ठीक, रोज नाही.

तर मग कुठलं गवत? माझी पहिली पसंती मारवेलला. काडी बारीक, पानं भरपूर, वाळल्यावरही मऊ राहतं आणि वास गोड येतो. काळ्या जमिनीच्या बांधावर, ओढ्याकाठी तुम्हाला ते भेटेलच. त्याखालोखाल डोंगरउतारावरचं पवना. बालाघाटाच्या रांगांमधून गुरांसाठी गवत कापून आणणारी माणसं पवना बरोबर ओळखतात, त्यांना विचारा. हरळी तर अंगणातही मिळते. तिचा ढीग लहान निघतो, पण ससे ती फार आवडीनं खातात. पाण्याची सोय असेल तर रब्बीत ओट पेरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा ओटाचा वाण चाऱ्यासाठीच आहे. दोन वाफेसुद्धा एका सशाला चांगला हातभार लावतात. ओट निम्मा फुलोऱ्यात आला की कापायचा, दाणा भरू द्यायचा नाही.

कुसळी गवत मात्र ओळखून बाजूला काढा. माळावर तेच जास्त असतं. कुसळ धरल्यावर त्याची टोकं तोंडात, हिरड्यांत, डोळ्यांत रुततात आणि आत आत सरकत जातात. कुसळ येण्याआधी कापलं तर ते खायला योग्य असतं, पण एवढी वेळ साधत नसेल तर वाटेला जाऊ नका. गवताबरोबर गाजरगवत, घाणेरी, धोतरा, रुई येऊ देऊ नका. पेंढी सोडून हातानं चाळा, ऐन कापणीत हे सगळं मिसळून येतं. अंगणात कण्हेर असेल तर तिची पानंही ढिगात उडून पडणार नाहीत हे बघा, ती फार विषारी असते.

कापायची वेळ गवत फुलोऱ्यात येतं तेव्हाची. आपल्याकडे परतीचा पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन लागतं तेव्हा, म्हणजे आश्विनात, दोन्ही गोष्टी जुळतात. श्रावणात कापलेलं गवत वाळत नाही, कुजतं. सकाळी दव उडाल्यावर कापा, दहानंतर. गच्चीवर किंवा माळवदावर कापड अंथरून अगदी पातळ पसरा. पहिला दिवस उन्हात, दोन-तीनदा खालीवर करून. एकदा कोमेजलं की पुढचे दोन-तीन दिवस सावलीत, वारं खेळतं अशा जागी. सगळा वेळ कडक उन्हात ठेवलं तर रंग आणि वास उडतो, आणि ससा वासावर खातो. संध्याकाळी गोळा करून झाकायचं, रात्रीचं दव पडू द्यायचं नाही.

वाळलं की नाही ते पानावरून ठरवू नका. पानं दुसऱ्याच दिवशी कुरकुरीत होतात आणि माणूस फसतो. काडीचं पेर सगळ्यात शेवटी वाळतं. चार-पाच काड्या घ्या, पेरावर अंगठ्याचं नख ओढा. नखाला ओल लागली, साल सोलून निघाली, तर अजून एक दिवस. मूठभर गवत दोन्ही हातांत धरून पिळलं की काड्या कट्‌कट मोडल्या पाहिजेत. चांगल्या गवताचा रंग फिकट हिरवा राहतो. त्याचा वास घ्या. तुम्हालाही तो आवडायला हवा. नाकात कुबट गेलं किंवा झटकल्यावर धूर उडाला तर ते गवत गुरांना द्या किंवा खतात टाका.

साठवण पोत्यात, म्हणजे तागाच्या गोणपाटात. प्लास्टिकच्या पिशवीत थोडीशी ओलसुद्धा घाम धरते आणि आठवड्यात बुरशी येते. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून हात-दोन हात लांब. आणि पोतं कुठलं आहे ते बघा. युरियाचं, औषध लावलेल्या बियाण्याचं, कीटकनाशकाच्या खोलीतलं पोतं धुऊनही वापरू नका. उंदीर लागला असेल तर वरचं काढून टाकून भागत नाही, त्या पोत्यातलं सगळं गवत टाकायचं, कारण उंदराच्या मुतातून आजार येतात. पावसाळ्यात अधूनमधून चांगलं ऊन पडलं की पोतं रिकामं करून गवताला ऊन द्या.

किती लागेल ते आधी हिशोबात घ्या, म्हणजे मध्येच तुटवडा होणार नाही. दोन किलोचा ससा दिवसाला साधारण ८० ते १०० ग्रॅम वाळलं गवत खातो. नासाडी धरून महिन्याला तीन-साडेतीन किलो, वर्षाला चाळीसेक किलो. हिरवं गवत वाळून जेमतेम पाव हिस्सा उरतं, म्हणजे वर्षाची बेगमी करायची तर दीडशे-एकशेसाठ किलो हिरवं गवत कापावं लागेल. ऐकायला मोठं वाटतं, पण शेतावर दोन माणसांचं दिवसभराचं काम आहे. एवढं जमत नसेल तर सहा महिन्यांचं घरचं करा आणि उरलेल्या काळात बाहेरचं विकत घ्या. तेही परवडतं, कारण सशाच्या इतर खर्चात, पाकिटातल्या खाद्यात आणि दवाखान्यात, बरीच बचत होते.

आता चिकूला खायला लावण्याचं. इथं घाई नको, आणि उपाशी ठेवून शिकवायचा विचार तर अजिबात नको. ‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याला कदाचित चालेल. ससा बारा तास उपाशी राहिला तर त्याचं आतडं थांबू शकतं, आणि जाड सशाच्या यकृतात चरबी उतरून तो जिवाला मुकतो. बदल दोन-तीन आठवडे घेऊन करायचा.

चपाती आणि हरभरे मात्र आजपासून बंद करायला हरकत नाही, ते त्याच्या गरजेचे कधी नव्हतेच. पाकिटातलं खाद्य हळूहळू कमी करत वजनाच्या दर किलोमागं दिवसाला २० ते २५ ग्रॅमवर आणा, म्हणजे चिकूला दोन वेळचं मिळून ४०-५० ग्रॅम. बिया, मक्याचे दाणे, रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य असेल तर ते संपल्यावर साध्या एकसारख्या गोळ्यांचं आणा, कारण तो गोड तेवढं वेचून खातो. सकाळी उठल्यावर त्याच्यापुढं आधी गवत, तासा-दोन तासानं बाकीचं. सशाला पहाटे आणि संध्याकाळी भूक जास्त असते, तेव्हाच ताजं गवत ठेवा.

तुमच्याकडे आत्ता एक फार चांगली सोय आहे. श्रावण असल्यानं हिरवी हरळी भरपूर मिळेल. पहिले चार-पाच दिवस ती धुऊन, पाणी निथळून, थोडी थोडी द्या. मग तीच हरळी अर्धवट सुकवून द्या. मग पूर्ण वाळलेली, वर थोडी हिरवी मिसळून. वास ओळखीचा असल्यानं ससा सहसा नकार देत नाही. माझ्या अनुभवात दुकानातलं महागडं गवत हुंगूनही न पाहणारे ससे या वाटेनं गवतावर आले आहेत. एक मात्र सांभाळा: हिरवं गवत कापून ढीग करून ठेवलं की आतून गरम होतं, आंबतं, तसलं देऊ नका, पोट फुगतं. आणि गणपतीत घरातल्या, मंडपातल्या दूर्वांचं निर्माल्य सशापुढं टाकायची पद्धत आहे. गुलाल, हळद-कुंकू, अत्तर लागलेल्या कोमेजलेल्या दूर्वा त्याला बाधतात. वेगळ्या ताज्या दूर्वा द्या, तो आनंदानं खाईल.

दुसरी युक्ती जागेची. ससा लेंड्या टाकता टाकता खातो, ही त्याची मूळची सवय. त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या एका कडेला, तोंड सहज पोचेल असं गवत ठेवा. उंच जाळीत अडकवलं तर ते डोळ्यात टोचतं आणि काही ससे त्यामुळंच टाळतात. वाळलेला पुदिना किंवा कोथिंबिरीच्या काड्या कुस्करून गवतात मिसळा. रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत गवत कोंबून द्या, तो ओढून काढतो आणि ओढता ओढता खातो. हे काम मुलीकडे सोपवा. दिवसातून दोन-तीनदा जुनं उचलून ताजं टाका. वरचं ओलं-मळलेलं गवत तो खाणार नाही, त्यात हट्टीपणा नसून स्वच्छतेची जाण आहे. गवताचं प्रमाण मोजत बसू नका. त्याच्या अंगाएवढा ढीग समोर सतत हवा.

पालेभाजी बंद करायची नाही. रोज एक-दोन मुठी कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, पुदिना, शेपू असं आलटून पालटून. पालक एखादवेळी, कोबी नकोच. गाजराबद्दल चित्रांमधून फार गैरसमज झाला आहे. गाजरात साखर भरपूर असते, आठवड्यातून दोनदा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा पुरे. कांदा, लसूण, बटाटा, बिस्किट, चॉकलेट यांतलं काहीही नाही. वाळलं गवत खाणाऱ्या सशाला पाणी जास्त लागतं, म्हणून जड वाटीत चोवीस तास स्वच्छ पाणी ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर गेला की त्याचं खाणं पटकन घटतं. त्या दिवसांत गवत भल्या पहाटे आणि रात्री द्या, दुपारी गार फरशी, ओलं गोणपाट लावलेली खिडकी आणि शक्य असेल तर कूलर. उन्हाळ्यात गवत कमी खाल्लं म्हणजे उकाड्यानं असेल असं गृहीत धरून दोन दिवस थांबू नका.

फरक पडतोय की नाही ते लेंडी सांगेल. गवत नीट लागल्यावर लेंडी मोठी, गोल, एकसारखी, फिकट तपकिरी होते. चिमटीत दाबली तर भुगा होतो आणि आत गवताचे तंतू स्पष्ट दिसतात. रोज सकाळी ट्रे साफ करताना दोन लेंड्या मोडून बघा. केसांनी माळेत ओवल्यागत जोडलेल्या लेंड्या दिसल्या तर अंगावरचे गळलेले केस रोज विंचरून काढा आणि गवत वाढवा. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेले केस खालूनच जावे लागतात.

दहा-बारा तास लेंडी नाही, खाणं बंद, कोपऱ्यात पाठ वाकवून बसलाय, दात करकर वाजवतोय, असं दिसलं तर ती रात्र काढायची नाही. घरगुती काढा, तेल, गॅसचं औषध यांत वेळ घालवू नका. आपल्या भागात बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर उपचार करतात, त्यांना ससा क्वचित भेटतो. म्हणून तुम्ही स्वतः दोन गोष्टी लक्षात ठेवून आठवणीनं बोला. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात, त्यानं सीकममधले जिवाणू मरून ससा जातो. आणि कुत्र्याच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला घातक आहे. तुमच्या जवळचं शिक्षणसंस्थेचं रुग्णालय म्हणजे उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. परभणीलाही तसंच महाविद्यालय आहे. दाढा घासायची वेळ आली तर भूल देऊन करावं लागतं, ते अशा ठिकाणी केलेलं बरं.

शेताचा विषय निघालाच आहे तर एक बोलून ठेवते. तूर-ज्वारी काढताना पाटात, सरीत रानसशाची पिल्लं सापडतात आणि लेकरं ती घरी आणतात. तो प्राणी वेगळा, चिकूच्या जातीचा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे त्याला पाळता येत नाही, आणि घरी तो जगतही नाही. आई दिवसातून थोडाच वेळ पिल्लांकडे येते, त्यामुळं ती टाकून दिल्यासारखी वाटतात. होती तिथंच राहू द्या.

यंदाची कापणी अजून दोन महिने लांब आहे. तोवर हरळी, थोडा स्वच्छ कडब्याचा पाला आणि कमीत कमी दोन-तीन किलो विकतचं वाळलं गवत, यांवर चिकूचं भागेल. विकतचं घेताना टिमोथीचाच हट्ट नको, ओटाचं वाळवलेलं गवत मिळालं तर ते घ्या. आज करायचं काम गावी फोन करण्याचं आहे. सोयाबीनमध्ये सध्या तणनाशकाच्या फवारण्या चालू असतात आणि पंपात उरलेलं औषध बांधावर मारून मोकळं व्हायची सवय सगळीकडे आहे. ज्या बांधावर मारवेल आहे तो एक पट्टा यंदा फवारायचा नाही, शेजाऱ्याच्या कपाशीची फवारणीही त्यावर उडणार नाही असा बघून निवडायचा, आणि रस्त्याच्या कडेचा नको, हे शेत बघणाऱ्याला नीट समजावून सांगा. त्या पट्ट्यात चार काठ्या रोवून त्यांना चिंधी बांधायला सांगा, म्हणजे गुरंही तिथं सोडली जाणार नाहीत.